मस्टर, मोजमाप आणि मोबाईलमधला खेळ

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. कळंब तालुक्यातला कॉलेजचा मुलगा आहे, गेम बनवायला शिकतोय. त्यानं विचारलं, "आमच्या गावच्या रस्त्यात आणि बंधाऱ्यात जे झालं त्यावर व्हिडिओ गेम केला तर घोटाळा उघडा पडेल का?" पहिल्यांदा मला हसू आलं. मग वाटलं, ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रातला आहे. गेमचा इतिहास वेगळा आणि सरकारी कामांतल्या चोरीचा इतिहास वेगळा. ही दोन्ही माणसं मधल्या कुठल्या चौकात भेटली, ते आज बघू.

सुरुवात गेमपासून नाही करत. सुरुवात खड्ड्यापासून.

१९७२चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. परंडा, भूम, कळंब, कुठल्याही तालुक्यात जा, सत्तरी ओलांडलेलं माणूस सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी ह्या तीन शब्दांवर बोलायला लागतं. माझी आजी खडी फोडायला जायची. मे १९७३मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढी माणसं रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग ह्यांवर रोज हजर. ह्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागेल त्याला काम, असं कायद्यानं सांगणारं हे त्या वेळी देशातलं वेगळंच राज्य होतं. पुढे २००५मध्ये केंद्रानं जो रोजगार हमी कायदा केला त्याची मुळं इथं आहेत.

आता गंमत अशी की एवढं सगळं दोन कागदांवर उभं असतं. एक मस्टर, म्हणजे हजेरीपट. दुसरी एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. मस्टर सांगतं कोण आलं, एमबी सांगते किती काम झालं. दोन्हींचा मेळ बसला की पैसे निघतात. ह्या दोन कागदांच्या बाहेर जे काही आहे, म्हणजे प्रत्यक्ष खड्डा, प्रत्यक्ष बाई, प्रत्यक्ष पाटी, ते खजिन्याला दिसत नाही.

मग चोरी कुठे होणार? कागदात. मस्टरवर गावाबाहेर गेलेल्याचं नाव, मेलेल्याचं नाव, एकाच माणसाचं दोन कामांवर नाव. एमबीत एक मीटर खोलीची दीड मीटर. मातीकाम मोजायची एक जुनी रीत आहे, ती मला फार आवडते. खोदताना मधे मधे मूळ जमिनीचा एखादा मातीचा खुंट तसाच ठेवतात. शेवटी त्या खुंटाची उंची मोजली की किती खोल खणलं ते कळतं. साधं, बिनखर्चाचं, कुणालाही समजेल असं माप. आणि ह्या मापाची फसवणूकही तितकीच साधी: खुंटाच्या डोक्यावर चार घमेली माती थापायची. खुंट वाढला, खोली वाढली, बिल वाढलं.

शिवाय ह्या कामांना एक मोठा साथीदार मिळतो, तो म्हणजे पाऊस. नाला खोल केला, बांध घातला, पहिल्या पावसात गाळ आला, बांध वाहून गेला. मुळात बांध होता का, हे आता कोण सांगणार? आमच्या भागात पाऊस उशिरा येतो अशी सगळ्यांची तक्रार असते. काही बिलांच्या बाबतीत तो अगदी वेळेवर येतो.

तर हा खेळ मोडायचा कसा? ह्याचं पहिलं खणखणीत उत्तर राजस्थानातून आलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ह्यांची मजदूर किसान शक्ती संघटना. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. केलं काय, तर सरकारी कागद मिळवले आणि गावासमोर मोठ्यानं वाचले. अमक्यानं इतके दिवस काम केलं. तो माणूस समोर बसलेला, म्हणतो मी गेलोच नाही. तमकी इमारत पूर्ण झाली. लोक हसतात, कारण तिला छप्परच नाही. बंद फायलीतल्या कागदाला गावाच्या डोळ्यांसमोर आणलं की तो टिकत नाही, एवढीच युक्ती.

आणि लक्षात घ्या, ह्या लोकांनी खेळही केला. शंकर सिंह उत्तम नकलाकार. त्यांनी 'घोटाला रथयात्रा' काढली, राजकीय रथयात्रेची नक्कल. एक बनावट पुढारी गावोगाव जातो आणि आपण किती प्रामाणिकपणे पैसे खातो ते सांगत मतं मागतो. आपल्याकडे वगात सोंगाड्या राजाची फिरकी घेतो ना, त्याच जातीचं काम. पण एक फरक बघा. रथयात्रा लोकांना हसवायची आणि जनसुनवाई आकडा बाहेर काढायची. ही दोन कामं त्यांनी वेगवेगळी ठेवली. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा फरक धरून ठेवा.

महाराष्ट्रात हीच मागणी अण्णा हजाऱ्यांनी लावून धरली. राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२चा. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ऑगस्ट २००३मध्ये, अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले असताना. मग केंद्राचा कायदा आला, १२ ऑक्टोबर २००५पासून लागू.

आता गेमकडे वळू. खेळातून अन्याय दाखवायचा, ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा फार जुनी आहे. आपल्याकडचा मोक्षपट, ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, तो खेळच होता, पण दाखवायची होती पाप-पुण्याची चढउतार. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईनं १९०४मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. जमीनदार बसल्या जागी भाडं खाऊन कसा श्रीमंत होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे पोरांना खेळता खेळता कळावं, हा तिचा हेतू. पुढे काय झालं? ह्याच खेळाची पिल्लं फिरत फिरत १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सच्या हाती 'मोनोपॉली' म्हणून गेली. कंपनीनं मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं. आणि जगभर लोक जमीनदार होण्यातली मजा शिकले. आपण लहानपणी 'व्यापार' खेळलो तो ह्याच घराण्यातला. दादर विकत घेऊन समोरच्याकडून भाडं वसूल करताना कुणाला जमीनदारीची चीड आली होती, सांगा बरं?

हा धोका प्रत्येक उपदेशाच्या खेळात असतो. खेळणारा नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

कॉम्प्युटरवर शहरं बांधायचा खेळ आला १९८९मध्ये, विल राइट ह्यांचा 'सिमसिटी'. त्यात रस्ता कसा होतो? क्लिक केलं की झाला. पैसे वजा, रस्ता तयार. निविदा नाही, कंत्राटदार नाही, एमबी नाही, 'साहेब, बिल अडकलंय' नाही. सार्वजनिक कामांवरचा सगळ्यात गाजलेला खेळ, आणि त्यात सार्वजनिक कामांतला मधला माणूसच गायब! म्हणजे तुम्ही अंदाजपत्रक शिकता, टक्केवारी नाही. ती शिकवायला २००१ साली 'ट्रॉपिको' आला. त्यात तुम्ही एका बेटाचे हुकूमशहा. तुमचं एक स्विस बँकेतलं खातं असतं. मालिकेतल्या पुढच्या खेळांत तर असा एक हुकूम आहे की बांधकाम परवाना सक्तीचा करायचा. प्रत्येक इमारतीची किंमत वाढते आणि वरच्या पैशातला वाटा गुपचूप खात्यात. मी स्वतः हा हुकूम काढलाय आणि मला आनंद झालाय, हे कबूल करतो. खेळ म्हणून ट्रॉपिको सिमसिटीपेक्षा खरा आहे, कारण किंमत का फुगते ते तो दाखवतो. पण तो कुठलाच खरा रस्ता उघडा पाडत नाही. बेट काल्पनिक, हुकूमशहा काल्पनिक, आपण निर्धास्त.

आणि मग आलं २०११. अण्णांचं आंदोलन रामलीला मैदानावर, ऑगस्टचा महिना, टीव्हीवर चोवीस तास तेच. त्याच सुमारास इंटरनेटवर एक गेम फिरायला लागला, 'अँग्री अण्णा'. गीक मेंटॉर स्टुडिओज नावाच्या छोट्या भारतीय कंपनीनं केलेला. तेव्हा 'अँग्री बर्ड्स' तुफान चालत होता, त्याचीच नक्कल. पक्ष्यांच्या जागी अण्णा आणि त्यांचे साथीदार गलोलीतून सुटणार, डुकरांच्या जागी त्या काळी आरोपांमुळे चर्चेत असलेली पुढारी मंडळी. गांधी टोपीतला माणूस हवेतून उडत जाऊन लाकडाच्या फळ्या पाडतो, असं ते दृश्य.

आता हा खेळ राळेगणसिद्धीच्या माणसावर, म्हणजे महाराष्ट्रातल्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यावर. तेव्हा आमच्या श्रोत्याच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उदाहरण हेच. माझं मत विचाराल तर हा गेम म्हणजे रथयात्रा होती, जनसुनवाई नव्हे. तीही जरा पातळ. गलोल ताणली, पुढारी पडला, पुढची पातळी. ह्यात एकही आकडा नाही. १९९१मध्ये भ्रष्टाचार विरोधी जन आंदोलन सुरू केल्यापासून अण्णांची ताकद कशात होती? फायलीत. तारीख, जावक क्रमांक, रक्कम, सही. गेमनं ते सगळं टाकून दिलं आणि टोपी तेवढी ठेवली. उपोषण करणाऱ्या माणसाला फेकायचं हत्यार करताना कुणाला काही खटकलं नाही, ह्याचं मात्र मला आजही नवल वाटतं.

त्याच्या दोन वर्षं आधी लंडनमध्ये एक प्रयोग झाला होता, ज्याला कुणी गेम म्हटलं नाही पण तो होता. ब्रिटनच्या खासदारांच्या खर्चाचं प्रकरण. १८ जून २००९ रोजी संसदेनं खर्चाची कागदपत्रं एकदम बाहेर टाकली. पानं किती? साडेचार लाखांवर. गार्डियन वृत्तपत्राकडे एवढं वाचायला माणसं नव्हती. सायमन विलिसन आणि सहकाऱ्यांनी काही दिवसांत एक साधी साइट उभी केली. तुम्हाला एक पान दाखवणार, तुम्ही चार बटणांपैकी एक दाबायचं: काही विशेष नाही, विशेष आहे, आधीच माहीत आहे, ह्याची चौकशी करा. वर एक पट्टी, किती काम झालं ते सांगणारी. कुणी सगळ्यात जास्त पानं तपासली त्यांची यादी. खासदारांचे फोटो. वीस हजारांवर वाचक आले आणि पहिल्या ८० तासांत जवळपास १ लाख ७० हजार पानं तपासून झाली.

इथं खेळाचं यंत्र खऱ्या कागदाला जोडलंय. पट्टी भरत जाते म्हणून माणूस आणखी एक पान बघतो, पण ते पान खरं असतं.

आपल्याकडे असं काही का लागावं, ते सांगतो. २०१२ साली महाराष्ट्रात सिंचनाचा वाद पेटला. राज्याच्या २०११–१२च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असं दिसत होतं की दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढलं, आणि ह्या काळातला खर्च सुमारे ७० हजार कोटी रुपये सांगितला जात होता. मुख्य अभियंता विजय पांढरे ह्यांनी पत्र लिहून कामांच्या दर्जावर आणि उपसा सिंचन योजनांच्या खर्चावर बोट ठेवलं. नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका आली, तिनं तो ०.१चा हिशोब नाकारला आणि वाढीचा आकडा बराच मोठा दिला. मग माधवराव चितळे समिती. आपल्या जिल्ह्याला ह्या सगळ्यात फार रस, कारण कृष्णा-मराठवाडा योजनेच्या पाण्याची वाट इथं माणसांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे. पण ७० हजार कोटी हा आकडा बघून मला काय दिसतं? काहीच नाही. माझ्या गावच्या पाझर तलावाचे पाच लाख मला दिसतात, कारण मी त्या तलावावर उभा राहिलोय. मोठ्या आकड्याला साडेचार लाख पानांसारखं फोडून, एकेक पान त्या त्या गावच्या माणसाला दाखवल्याशिवाय तो वाचताच येत नाही.

आणि आता गोष्टीतला उलटा वळसा. लोकांनी असा खेळ करण्याआधी सरकारनंच केला.

जुलै २०१६मध्ये 'पोकेमॉन गो' आला. फोन घेऊन खऱ्या रस्त्यावर हिंडायचं, ठरावीक जागी गेलं की प्राणी सापडणार. खेळाचा सगळा पाया एवढाच, की तुम्ही खरोखर त्या जागी आहात हे फोन सांगतो. काही आठवड्यांतच पोरांनी खोटं लोकेशन दाखवायची अ‍ॅप शोधली आणि गादीवर लोळत जगभर प्राणी पकडले. त्याच वर्षी, १ सप्टेंबरपासून, ग्रामविकास मंत्रालयानं रोजगार हमीच्या कामांचं जिओटॅगिंग सुरू केलं. पूर्ण झालेल्या कामाचा अक्षांश-रेखांशासह फोटो, इस्रोच्या भुवन नकाशावर. नंतर कामाआधीचा, चालू असतानाचा आणि झाल्यावरचा असे तीन टप्प्यांचे फोटो. जलयुक्त शिवारच्या कामांचेही फोटो असेच नकाशावर जात होते. त्या अभियानाचं काय झालं? महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२०मध्ये विधिमंडळात आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसत नाही, असं त्यात म्हटलं. फोटो होते, नकाशा होता, ठिपके होते. ठिपक्याखाली पाणी मुरलं का, हे ठिपका सांगत नाही.

मग मस्टरही फोनवर आलं. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा, वेळ आणि जागेसह फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचे. जानेवारी २०२३पासून सगळ्या सार्वजनिक कामांवर सक्ती. आणि जुलै २०२५मध्ये मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढला जातोय, एकच फोटो अनेक मस्टरांवर दिसतोय, फोटोतले बायका-पुरुष आणि हजेरीतले बायका-पुरुष जुळत नाहीत.

फोटोचा फोटो! मला तो मातीचा खुंट आठवला. वरून चार घमेली माती.

पण इथं हसून पुढं जायचं नाही. पोकेमॉनमध्ये हरलं तर प्राणी जातो. इथं रेंज नसली, फोन जुना असला, मेटनं दुपारचा फोटो टाकला नाही, तर उन्हात दिवसभर माती उचललेल्या बाईची मजुरी अडकते. खोटा फोटो चढवणारा सुटतो, कारण त्याला यंत्र कळतं. खरं काम करणारी अडकते, कारण तिला यंत्र कळत नाही आणि यंत्राला ती दिसत नाही. गेमच्या भाषेत सांगायचं तर तिच्या हातात कंट्रोलरच दिलेला नाही, ती फक्त पडद्यावरचं चित्र आहे. कोटकिरानात तिच्यासारखीच माणसं बोलत होती आणि कागद गप्प होता. अ‍ॅपमध्ये फोटो बोलतो आणि बाई गप्प.

तर कळंबच्या मित्रा, तुझ्या गेमबद्दल. गलोल नको. पुढाऱ्यांची चित्रंही नकोत. ती पोरं दोन दिवस खेळतील आणि तुझ्यामागं नोटीस लागेल ते वेगळं. पाझर तलावाचा गेम कर. खेळणाऱ्याला एमबीचं पान दे, लांबी, रुंदी, खोली लिहिलेलं. हातात टेप दे. मातीचे खुंट दे, त्यातले काही वरून थापलेले. मस्टर दे आणि गावातल्या घरांची दारं ठोठवू दे. आणि पावसाची तारीख ठेव, त्याच्या आत मोजलं नाही तर पुरावा वाहून गेला. ट्रॉपिकोची लबाडी आणि गार्डियनची पट्टी, दोन्ही त्यात येतील.

आणि मग त्यात खरा कागद घाल. तो मिळतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मस्टर माग, अंदाजपत्रक माग, एमबीच्या सगळ्या पानांच्या प्रती माग, नुसता गोषवारा घेऊ नकोस. कायद्याच्या कलम २(ञ)मध्ये एक गोष्ट आहे जी फार थोडे लोक वापरतात: नुसते कागद नव्हे, कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही अधिकार आहे. म्हणजे रस्त्याची खडी, बंधाऱ्याचं काँक्रीट, रीतसर मागता येतं. एकट्यानं जाऊ नकोस, गावातली चार माणसं आणि मस्टरवर जिचं नाव आहे अशी एखादी मावशी बरोबर असू दे. मोजताना काय शोधायचं ते तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

भुवन नकाशाही उघड, आपल्या गावावर जा आणि ठिपके मोज. मी आमच्या शिवारावर तासभर होतो, मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत.

पुढच्या भागात नळदुर्ग. बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये बांधलेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला सगळे जातात, पण तिथल्या फारसी शिलालेखासमोर कुणी थांबत नाही. आपण थांबू. तोवर तुमच्या गावच्या कामाच्या माहिती फलकाचा फोटो पाठवा. फलकच नसेल तर जिथं असायला हवा त्या जागेचा पाठवा.